२४० रुपयांचं ऑइल सील आणि उघडलेला गिअरबॉक्स

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, निवडणुकीची ड्यूटी संपली आणि १२ तारखेच्या रविवारी मुलीला घेऊन मी वैभववाडीला, माहेरी निघाले. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून गगनबावड्यातून भुईबावडा घाटाने उतरायचं ठरवलं. उकाडा होता, खिडक्या खाली होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरत असताना मुलगी म्हणाली, "आई, लांबून पिठाच्या गिरणीचा आवाज येतोय." मी ऐकलं. आवाज लांबून येत नव्हता, आमच्याच गाडीतून येत होता. बारीक, सलग 'घूं'. वेग वाढला की आवाज चढायचा, ब्रेक मारला की उतरायचा.

पुढचे दोन महिने त्या आवाजामागे गेले. त्या काळात मी खूप घाबरले होते. गिअरबॉक्स म्हणजे काहीतरी न उघडायची पेटी आहे आणि तिचं काम निघालं की गाडी विकायची वेळ आली, असंच मला वाटत होतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना थोडं आधी कळावं म्हणून तारखा, आकडे, चुका सगळं लिहिते आहे.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, पाच गिअरची साधी मॅन्युअल हॅचबॅक. फेब्रुवारी २०२१ मध्ये ५८ हजार किलोमीटर झालेली सेकंडहँड घेतली. मी राहते कोल्हापूरच्या फुलेवाडीत आणि शिकवते गगनबावडा रस्त्यावरच्या साळवणजवळच्या एका शाळेत, त्यामुळे रोजचं जाणं-येणं ८० किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ९७ हजारांवर, क्लच घसरायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र रेंगाळत राहायची, आणि चढावर जळका वास यायचा. जवळच्या एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून घेतलं. ९,८०० रुपये रोख दिले. बिल मागितलं नाही. ते न मागितल्याचं पुढे फार वाईट वाटलं.

त्या कामानंतर आठवड्याभरात गाडीखाली, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला. गॅरेजमध्ये विचारलं तर, "नवं काम आहे, आठ दिवसांत बसेल," असं उत्तर मिळालं. आमच्या पार्किंगमध्ये मुरूम टाकलेला आहे, तेल त्यात जिरतं, डाग मोठा होताना दिसत नाही. मी विषय सोडून दिला. डाग तेलाचा असेल तर तो आपोआप 'बसत' नाही, हे आता कळतंय. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवायचा आणि सकाळी बघायचं. नितळ पाणी असेल तर एसीचं. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. काळं, पातळ असेल तर बहुधा इंजिन ऑइल. आणि मधाळ, चिकट, गंधकासारखा उग्र वास येणारं असेल तर गिअर ऑइल. हा वास एकदा घेतला की विसरत नाही.

मे महिन्यात माहेरून परत आले तोवर आवाज चौथ्या-पाचव्या गिअरमध्येही यायला लागला होता. ३१ मे ला कळे गावाच्या पुढे सरळ रस्त्यावर पाचव्या गिअरमधून पाय उचलला आणि गिअर आपोआप न्यूट्रलला येऊन पडला. इंजिन एकदम मोकळं झालं, काळजात धस्स झालं. समोर उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता. अंतर होतं म्हणून निभावलं. हेच घाटात उतरताना, खालच्या गिअरमध्ये झालं असतं तर इंजिनाचा रोध गेला असता आणि सगळा भार ब्रेकवर आला असता. त्या दिवसापासून मी पाचवा टाकायचा बंद केला आणि घाटाकडे गाडी नेली नाही.

शाळेतल्या एका सरांचे वडील एसटीत चालक होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "मिस्त्रीकडे जायच्या आधी आवाज ओळखायला शीक, म्हणजे कुणी काहीही सांगणार नाही." त्यांनी सांगितलेली चाचणी सोपी आहे. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नाही. आता आवाज येतो का? येत असेल तर क्लच पूर्ण दाबा. आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या आतला, इंजिनाची गती आत आणणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यायचा, कारण क्लच दाबला की इंजिनाचं आणि त्या शाफ्टचं नातं तुटतं, शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे क्लच दाबताना दाब घेणाऱ्या बेअरिंगकडे बघायचं. माझ्या गाडीत पाय काढलेला असताना आवाज यायचा आणि दाबला की बंद व्हायचा. म्हणजे आतलंच काहीतरी.

१ ते ८ जून मी वहीत लिहून ठेवलं. कुठला गिअर, किती वेग, गाडी थंड की गरम, चढ की उतार. त्यातून तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. न्यूट्रलमधली घरघर. पाचवा निसटणं. आणि सकाळी थंड गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना येणारा 'खर्र' आवाज, जो मला इतके दिवस माझ्याच हाताचा दोष वाटत होता. ही वही पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला आली. "गाडी आवाज करते" एवढंच सांगितलं असतं तर प्रत्येकाने आपापल्या सोयीचं उत्तर दिलं असतं.

१० जूनला, सोमवारी, अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. सकाळी साडेनऊला जॉब कार्ड झालं, दुपारी दोनला निदान आलं. तपासणीचे १,००० अधिक १८ टक्के जीएसटी असे १,१८० रुपये. "मॅडम, आम्ही बॉक्स खोलत नाही, पूर्ण असेंब्ली बदलतो." एस्टिमेट हातात दिलं ते असं: गिअरबॉक्स असेंब्ली करासह ६२,४००, मजुरी करासह ८,२६०, तेल आणि किरकोळ १,६४०, एकूण ७२,३००. असेंब्ली यायला तीन आठवडे, आणि निम्मे पैसे आधी. तिथला मुलगा नीट बोलला, काही लपवलं नाही. पण आठ वर्षांच्या गाडीवर ७२ हजार घालायचे की नाही, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी विम्याची पॉलिसी काढून वाचली. मोटर विम्याच्या 'ओन डॅमेज' भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेले असतात. अपघातात गिअरबॉक्सला मार बसला तर दावा होतो, आतून झिजला तर होत नाही. खात्रीसाठी हेल्पलाइनला फोन केला, तिथूनही हेच सांगितलं. कंपनीची वॉरंटी तर मी गाडी घ्यायच्या आधीच संपली होती. तुमची वॉरंटी चालू असेल तर कुणालाही बॉक्स उघडू देऊ नका, आधी जॉब कार्ड करा. क्लच प्लेट सहसा झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत धरत नाहीत, पण बॉक्समधली बेअरिंगं आणि गिअर धरले जाऊ शकतात. त्यासाठी सर्व्हिसची नोंद नीट लागते.

तिसरा मार्ग कुणीतरी सुचवला, मोडीत निघालेल्या गाडीचा जुना बॉक्स. १८,००० ला मिळत होता, बसवायचे ५,००० वेगळे. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चॅसी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे आरटीओची नोंद करावी लागत नाही. तरी बिल मात्र हवंच, माल कुठून आला हे उद्या सांगता आलं पाहिजे. बिल मिळणार नव्हतं आणि तो बॉक्स किती चाललाय हेही कळत नव्हतं. मी नको म्हटलं.

शेवटी सरांच्या ओळखीने शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा पत्ता मिळाला. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. ऑइल इंजिनांच्या काळापासून तिथे लेथ, फाउंड्री, मिलिंग, प्रेस यांच्या गल्ल्या आहेत, एका दुकानात पार्ट निघतो आणि दोन दारं सोडून तो घासून मिळतो. हे मिस्त्री फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलची कामं करतात. साठी ओलांडलेले, बोलणं कमी. मी त्यांना मामाच म्हणू लागले.

१५ जूनला शाळा सुरू झाली, त्याच संध्याकाळी गाडी घेऊन गेले. मनावर दडपण होतं. गल्लीत सगळे पुरुष आणि मी एकटी, हातात वही. मिस्त्री म्हणाले, "तुमीच चालवा ताई, मी शेजारी बसतो." दोन चकरा मारल्या. मग गाडी उभी करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॉक्सच्या कवचावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. एका जागी, दुसऱ्या जागी, मग टोकाच्या झाकणावर. तिथे बराच वेळ थांबले. मलाही ऐकायला लावलं. टोकाकडे घरघर स्पष्ट जास्त होती.

मग गाडी चारही चाकांनी सपाट वर घेतली आणि बाजूचा लेव्हल प्लग काढला. गिअर ऑइल बरोबर असेल तर या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असतं, प्लग काढताच थेंब ओघळतो. काहीच ओघळलं नाही. मामांनी करंगळी आत घातली, वाकवली, कोरडी बाहेर काढली.

"ताई, ह्यात तेलच न्हाई की ओ. किती दिस चालवलासा अशी?"

मला उत्तर देता आलं नाही. सहा महिने, असं म्हणायला जीभ वळेना.

खालचा प्लग काढून उरलेलं तेल मापाच्या बाटलीत घेतलं. बॉक्समध्ये मावतं जेमतेम दोन लिटर, निघालं ७०० मिली. काळं, आणि उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चकाकी. मामांनी ते बोटांवर चोळून दाखवलं. सोनेरी कीस पितळेचा, म्हणजे सिंक्रो रिंगा, गिअर अलगद बसवणाऱ्या पितळी कड्या, झिजल्यात. प्लगच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असणं हे नेहमीचंच. पण आमच्या चुंबकावर नखाच्या तुकड्यांसारखे पापुद्रे होते. ते बेअरिंगचे किंवा दातांचे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तेल बदलायला कुठेही गेलात तरी. आधी वरचा, भरायचा प्लग सैल होतोय का ते बघायला सांगा, मगच खालचा काढू द्या. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच अडकते. प्लगचा वॉशर दर वेळी नवा. आणि भरलेलं तेल मोजून भरलंय ना, हे उभं राहून बघा.

मामांनी गाडी तिथेच ठेवायला सांगितली. माझ्या विनंतीवरून कागदावर अंदाज लिहून दिला: मजुरी ९,५००, बेअरिंगं, रिंगा, सील, तेल धरून २० ते २२ हजार, आणि खाली एक ओळ, 'पाचवा खोलल्यावर बघून सांगणार'. तीन दिवस मी विचार केला. १८ जूनला हो म्हटलं.

१९ ला बॉक्स खाली आला. बॅटरी, तिचा ट्रे, स्टार्टर, गिअरच्या केबली, चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, खालचा आर्म सुटा. इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा देऊन जॅकचा आधार. मग बॉक्स मागे सरकवून दोघांनी उतरवला. शाळा सुटल्यावर मी पोचले तेव्हा तो पत्र्याच्या टेबलावर होता. इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं.

क्लच प्लेट चांगली निघाली, तिला हात लावायची गरज नव्हती. डाव्या ड्राइव्ह शाफ्टपाशी तेल अडवणाऱ्या रबरी सीलभोवती मात्र सगळं तेलकट, धूळ चिकटून काळं झालेलं. मामांनी सील काढून टॉर्चच्या उजेडात धरलं. रबराच्या आतल्या ओठाला एका जागी आडवी चीर होती. क्लचच्या कामात शाफ्ट बाहेर काढून परत घालताना त्याचे दाते ओठावरून घासले गेले होते. शाफ्ट हाताने आधार देऊन सरळ आत न्यायचा असतो आणि सीलच्या ओठाला आधी ग्रीस किंवा तेल लावायचं असतं. नवं सील २४० रुपयांचं होतं. शाफ्ट निघालाच आहे तर सील बदलून घ्या, हे मला नोव्हेंबरमध्ये माहीत असायला हवं होतं. तुमचं क्लचचं काम निघालं तर दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी बदलायला सांगा. बॉक्स खाली असताना सहसा वेगळी मजुरी लागत नाही.

२० जूनची संध्याकाळ मी विसरणार नाही. टोकाचं झाकण काढल्यावर पाचव्या गिअरची जोडी दिसली. दातांच्या कडा निळसर-तांबूस झाल्या होत्या, तापून रंग गेलेल्या तव्यासारख्या. मामांनी समजावलं ते असं. या आडव्या बसवलेल्या बॉक्समध्ये पंप नसतो. खालच्या तेलात फिरणारे गिअर तेल उडवतात, त्यावरच वरचं सगळं भिजतं. पहिले चार गिअर मुख्य कवचात असतात, पाचवा मात्र भिंतीपलीकडे, टोकाच्या झाकणात. तेल कमी झालं की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो पाचवा. आणि मी तर रोज त्याच गिअरमध्ये सरळ रस्त्याने जात होते. पाचव्याला शाफ्टशी जोडणाऱ्या हबचे आणि स्लीव्हचे दातही गोलसर झाले होते, म्हणून ॲक्सिलरेटर सोडला की तो धरून राहत नव्हता.

पुढे कवच दोन भागांत उघडलं. इनपुट शाफ्टच्या मागच्या बेअरिंगच्या पाळीवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, खड्डे पडले होते. हातावर फिरवलं की वाळू भरल्यासारखं लागायचं. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून मामांनी मधल्या फटीत फट मोजायच्या फीलर गेजची पाती घातली. या बॉक्सला नव्या रिंगेची फट साधारण एक मिलिमीटर, अर्ध्याच्या खाली गेली की बदलायची. आमची पाव मिलिमीटर होती.

सिंक्रो रिंग काय करते, हे मला इतकी वर्षं गाडी चालवूनही माहीत नव्हतं. चालत्या एसटीत चढायचं असेल तर माणूस आधी तिच्या बरोबरीने धावतो आणि मग दांडी धरतो. उभ्या उभ्या धरली तर हात उखडतो. गिअर बदलताना दोन भाग वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. रिंग त्या शंकूसारख्या भागावर घासून दोघांची गती सारखी करते, मग दात एकमेकांत सरकतात. रिंग झिजली की बरोबरीने धावणं होत नाही आणि दात दातावर आपटतात. तोच सकाळचा 'खर्र'. गिअर घाईने ढकलला तर चांगली रिंगही लवकर जाते, क्षणभर हलका दाब देऊन तिला काम करू द्यावं लागतं. रिंग गेलेली असेल आणि गाडी घरापर्यंत न्यायचीच असेल तर डबल क्लच करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, पाय सोडायचा, पुन्हा दाबून पुढचा गिअर. खाली उतरवताना न्यूट्रलमध्ये हलका ॲक्सिलरेटर. जुने ट्रकवाले असेच चालवत.

त्या रात्री नवा हिशेब झाला. पाचव्याचे दोन्ही गिअर जोडीनेच घ्यावे लागतात, एकच नवा घातला तर जुन्या दातांवर नीट बसत नाही आणि आवाज राहतो. हब-स्लीव्ह वेगळं. रक्कम २८ हजारांच्या घरात गेली. मामांनी फोन करून विचारलं, माझं 'हो' मिळाल्यावरच पुढे गेले. ही पद्धत मला आवडली, आणि तुमच्या मिस्त्रीशी हेच आधी ठरवून घ्या की अंदाजापलीकडे खर्च निघाला तर विचारल्याशिवाय काम करायचं नाही.

२१ तारखेला पार्ट डीलरकडे गेले. आरसीची झेरॉक्स लागते. चॅसी नंबरावरून पार्ट नंबर काढतात, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षांत गिअरचे दाते बदललेले असू शकतात. निम्मी रक्कम आगाऊ, पावती घेतली. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट त्याच दिवशी घेतली. बेअरिंगमध्ये नक्कल फार आहे. शंभर-दोनशे वाचवायला गेलं तर बॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो.

गिअर आणि रिंगा आल्या १ जुलैला. मधले दहा दिवस एसटीने गेले. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार वाटला. गगनबावड्याकडे पाऊस कोसळत होता, सकाळी साडेसहाची गाडी धरायची म्हणजे पाचला उठायचं. रोज वाटायचं, आज मामांचा फोन येईल आणि आणखी काहीतरी निघालं म्हणतील. आला नाही.

त्याच दिवसांत मी चिरलेलं सील कागदात गुंडाळून जुन्या गॅरेजमध्ये गेले होते. भांडायला नाही, निदान त्यांनी मान्य करावं म्हणून. "आमच्याकडून झालंय कशावरून?" एवढंच उत्तर. माझ्याकडे बिल नव्हतं. बिल असतं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवता आली असती. कागदाशिवाय मी तिथे कुणीच नव्हते. परत येताना रडू आलं, हेही लिहून ठेवते.

जुळवणी २ आणि ३ जुलैला झाली. बेअरिंगं शेजारच्या दुकानातल्या हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवली, हातोडी कुठेही लागली नाही. कवचाचे तोंड घासून, पुसून, सीलंट लावून मिटवलं आणि बोल्ट टॉर्क पान्याने कसले. दुकानातला मुलगा तेल घेऊन आला तेव्हा मामांनी डबा उलटा करून वाचला आणि परत पाठवला. डब्यावर तेलाचा प्रकार जीएल-५ होता, आमच्या गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलंय. जीएल-५ मध्ये जड दाबासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, ती काही तेलांत पितळेला मानवत नाहीत. नव्या रिंगांवर तसं तेल ओतायला मामा तयार नव्हते. नंबर मोठा म्हणजे तेल भारी, असं समजून बरेच लोक तेच घालतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे आहे तेच घाला.

४ तारखेला गाडी सुरू झाली आणि रिव्हर्स पडेना. माझा जीव खाली-वर झाला. मामा शांत होते. केबलीची टोकं अर्ध्या सेंटिमीटरने चुकली होती, वीस मिनिटांत नीट झाली. तुमच्या बाबतीत असं झालं तर लगेच बॉक्स पुन्हा उतरवायला सांगू नका, आधी केबल बघायला सांगा.

५ जुलै, शुक्रवार. बिल: पाचव्याची जोडी ६,८५०, हब-स्लीव्ह २,९००, दोन सिंक्रो रिंगा २,३००, बेअरिंगं ३,४००, चार सीलं १,१२०, सीलंट ४५०, तेल १,१००, प्रेस २००, मजुरी ९,५००. एकूण २७,८२०. सगळे जुने पार्ट मी पिशवीत घालून घेतले, मुलीला दाखवायला आणि पुरावा म्हणूनही. गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढला. फक्त इंजिन ऐकू येत होतं. मामांनी एकच सांगितलं, "पाश्शे किलोमीटर जोर करू नगा, मग तेल बदलायला आणा."

पाचशे किलोमीटर १४ जुलैला झाले. तेल १,१००, मजुरी ३००. निघालेल्या तेलात नव्या दातांचा बारीक कीस होता, पापुद्रे नव्हते. सर्व्हिस सेंटरचे १,१८० धरून सगळा खर्च ३०,४०० झाला.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि गगनबावडा रस्ता बंद झाला. मी गाडी बाहेर काढली नाही. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक ब्रीदर असतो. तापलेला बॉक्स पाण्यात जाऊन एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलांच्या कडेने पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, चहासारखं, आणि बेअरिंगं गंजतात. पुराच्या पाण्यातून गाडी गेलीच असेल तर इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही उघडून बघायला सांगा, ते सहसा कुणी बघत नाही.

आता गिअरच्या दांडीवर हात ठेवून चालवायची सवय मोडली आहे. तो भार आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर येतो. डावा पाय क्लचवर ठेवत नाही, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याऐवजी हँडब्रेक ओढते. पुस्तकात दर ४० हजारांनी तेल बदलायला सांगितलंय, मी ३० हजारांनी बदलणार आहे. रविवारी रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवते.

दिवाळीच्या सुट्टीत वैभववाडीला जायच्या आधी मामांकडे गेले. गाडी सपाट वर घेतली, लेव्हल प्लग काढला. काठावरून एक थेंब ओघळला. मामा म्हणाले, "घाला बोट." करंगळी घातली, पहिल्याच पेरावर तेल लागलं, मधासारखं स्वच्छ. नवा वॉशर घालून प्लग बसवला आणि वहीत किलोमीटर लिहिले: १,१२,४६०.